दुपारी अडीचचा बिघाड

मी एक जुना अँटेना आहे, मित्रांनो, आणि सध्या पोटमाळ्यावर अडकून पडलो आहे. अडकून म्हणजे अगदी खरोखर. कमरेला सुतळीचे चार वेढे, डाव्या बाजूला मोडका पाळणा, उजव्या बाजूला रिकाम्या डब्यांची चळत. माझ्या अकरा दांड्यांपैकी दोन वाकल्या आहेत. डोक्यावर सिमेंटचे पत्रे आहेत आणि समोर भिंतीत एक बोटभर फट आहे. त्या फटीतून जेवढं आकाश दिसतं तेवढंच माझं.

पण जन्मापासून मी असा नव्हतो हं. कारखान्यात माझ्या दांड्या मापून कापल्या, एकेक ठोकून बसवली आणि मला या घराच्या छपरावर उंच पाइपाला चढवलं. दूरच्या मनोऱ्याकडे तोंड करून मी उन्हातान्हात उभा असायचो. मनोऱ्यावरून लहरी यायच्या, मी त्या पकडायचो आणि तारेतून खाली पाठवायचो. जुन्या काळी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांच्या आडून माणूस तरी दिसायचा. डिजिटल आलं आणि ती सवलत संपली. सिग्नल पुरला तर चित्र लख्ख. जरा कमी पडला की चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज अडखळतो आणि मग काळ्या पडद्यावर दोनच शब्द, 'सिग्नल नाही'. मी मात्र ती वेळ कधी येऊ दिली नाही. कोपऱ्यावरचा टीव्ही मेकॅनिक लोकांना सांगायचा, "अँटेना असावा तर असा!" आणि मी उगाच ताठ व्हायचो.

मग एका वादळात पाइप आडवा झाला. घराचा मालक, म्हणजे या गोष्टीतल्या आत्याचा भाचा, मेकॅनिकला बोलवायच्या भानगडीत पडला नाही. "त्यात काय एवढं? मी लावतो," म्हणाला. मला पोटमाळ्यात आणून वाशाला बांधलं. तार हातभर कमी पडली. तेव्हा त्याने दिव्याची वायर जोडतात तशी जुन्या तारेला नवी तार पिळून जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली आणि हात झटकले. मित्रांनो, अँटेनाची तार अशी जोडायची नसते. तिच्या आत एक नाजूक तांब्याची कांडी असते. ती जरा हलली की माझं सगळं पकडलेलं वाया जातं. पण मला तोंड कुठे आहे सांगायला?

त्या दिवशी टीव्ही लागला. संध्याकाळ होती. सगळे खूश झाले.

माझ्या बरोबर खाली आत्याची खोली आहे. पोटमाळ्यावर चढायला तिच्या छतात एक झडप आहे, तिच्या फटीतून ती मला दिसते. भाच्याची सख्खी आत्या, वय चौऱ्याहत्तर. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारी नोंदवायच्या टेबलावर काढली. गेल्या वर्षी मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून पलंग ते खिडकी आणि खिडकी ते पलंग एवढंच तिचं जग. भाचा आणि भाचेसून सकाळी नऊला कापडाच्या दुकानात जातात आणि सातनंतर परततात. गुरुवारी दुकानाच्या सुट्टीला दोघं माल आणायला गावाबाहेर. दिवसभर आत्याला सोबत म्हणून काय ती टीव्हीची.

आणि रोज दुपारी तो टीव्ही तिला सोडून जायचा.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. दुपारी पत्रे तापतात. पोटमाळ्याची भट्टी होते. तार सैलावते आणि त्या पिळलेल्या जोडातली तांब्याची कांडी केसभर मागे सरकते. बस्स, चौकोन सुरू! सहा वाजेपर्यंत सगळं निवतं आणि चित्र परत येतं. मग घरचे येतात. त्यांना टीव्ही ठणठणीत दिसतो.

"अरे, दुपारी बंद पडतो रे," आत्या सांगायची.

"आत्ता तर चालतोय की गं," भाचा म्हणायचा.

मेकॅनिक तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा संध्याकाळी. पहिल्यांदा त्याने टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बदलला. दुसऱ्यांदा सिग्नल वाढवायचा बूस्टर लावला. बूस्टर कशाला? सुटलेल्या जोडापुढे बूस्टर लावणं म्हणजे मुक्याला लाउडस्पीकर देणं. तिसऱ्यांदा तो पायऱ्यांवर भाच्याशी हळूच बोलला. "मशीन ओके आहे साहेब. बाईंचाच काहीतरी घोळ होतोय."

त्यानंतर घरातली भाषा बदलली. "आत्यांना भास होतात हो," भाचेसून फोनवर कोणालातरी म्हणाली. ती वाईट नाही. आत्याचं डोकं तीच विंचरते. पण आत्याने एकदा गॅस चालू ठेवला होता, तो आता सगळ्यांना पुन्हा पुन्हा आठवू लागला. एका संध्याकाळी भाचा खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला बसला.

"आत्या, एक चांगलं ठिकाण बघितलंय. तिथे चोवीस तास माणसं असतात. पहिल्या तारखेपासून जाऊन तर बघ."

"माझं डोकं फिरलंय म्हणून?"

"तसं कुठे म्हटलं मी!"

"म्हणायला कशाला हवं," आत्या म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! जोड माझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर होता. आत्या वर येऊ शकत नव्हती, मी खाली जाऊ शकत नव्हतो. एकाच घरात आम्ही दोन कैदी, आणि सुटकेची किल्ली माझ्या शेपटीला.

पण आत्या रडत बसणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवसापासून तिने एक वही घेतली. एक्स्चेंजमध्ये तक्रार आली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, 'किती वाजता?' ती लिहू लागली. सोमवार, एक पन्नास ते पाच चाळीस. मंगळवार, दोन पाच ते साडेपाच. बुधवारी आभाळ होतं, बिघाड नाही. गुरुवारी पुन्हा आभाळ, बिघाड नाही. शुक्रवारी कडक ऊन, दीडलाच बंद. शनिवारी ती वहीकडे बघत राहिली, मग मान वर करून थेट माझ्याकडे, म्हणजे झडपेकडे बघितलं आणि म्हणाली, "ऊन लागतंय रे तुला."

मित्रांनो, पंचवीस वर्षांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

तिने मेकॅनिकला फोन लावला. "उद्या दुपारी अडीचला या."

फोनमधला त्याचा आवाज मला वरपर्यंत आला. "बाई, दोन ते चार मी शटर ओढतो. संध्याकाळी येतो ना."

"तुमच्या झोपेची आणि माझ्या बिघाडाची वेळ एकच आहे, त्याला मी काय करू? अडीच."

तो आला. जांभया देत, शिडी आपटत आला. पण टीव्हीवरचे चौकोन बघून त्याची जांभई अर्ध्यात राहिली. वर चढला, मीटर लावलं, माझ्या दांड्या तपासल्या, तार हाताने चाचपत मागे गेला आणि थबकला. "आयला!" एवढंच म्हणाला. दोन बोटांनी जोड दाबला. खाली लगेच गाणं सुरू झालं. बोटं काढली. गाणं बंद.

"सापडलं बाई! दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता करतो."

"हात लावू नका!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की डब्यांची चळत हलली. "तुम्ही जोडाल. संध्याकाळी भाचा येईल, चालू टीव्ही बघेल आणि म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हतो? मग मी जन्माची वेडी ठरेन. त्याला फोन करा. आत्ताच्या आत्ता ये म्हणावं."

मेकॅनिकने जोडावरचा हात काढला. पायऱ्यांवर आपण काय बोललो होतो ते त्याला आठवलं असावं. मग निमूटपणे फोन लावला.

भाच्याला दुकानातून निघायला वेळ लागला. चार वाजले. आणि तेवढ्यात फटीतून मला एक ढग दिसला. ढग सूर्यावर आला, पत्रे निवू लागले, माझ्या पाठीमागची कांडी हळूच पुढे सरकली. खाली चित्र आलं. आत्याचा चेहरा पांढरा पडला. मित्रांनो, लहरी पकडणं हाच माझा धर्म. सिग्नल सुटला की माझा जीव कासावीस होतो. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, सुटू दे रे बाबा, आज सुटू दे.

धापा टाकत भाचा आत आला. "काय झालं? पडलीस का?" आत्या धडधाकट बसलेली, टीव्हीवर बातम्या. त्याचा जीव भांड्यात पडला, मग कपाळावर आठी आली. "आत्या, यासाठी मला दुकानातून... अगं, चालतोय की तो! किती वेळा सांगू तुला, चाल..."

ढग सरकला आणि ऊन पत्र्यांवर आदळलं. बातम्या देणाऱ्या बाईंचे चौकोन झाले, आवाज अडखळला आणि पडदा काळा झाला.

मग वरून मेकॅनिकने हाक मारली, "साहेब, जरा वर येता का?"

भाचा शिडी चढून आला. मेकॅनिकने टॉर्च मारला. "हा जोड कोणी केला?"

काळी पट्टी बघताच भाच्याने ती ओळखली. तो तिथेच उकिडवा बसला. घाम टपटप माझ्या दांडीवर पडत होता. "मीच," तो म्हणाला. "माझ्याच हाताने."

खाली जाऊन तो आत्यासमोर उभा राहिला. तिने वही पुढे केली. त्याने सगळी पानं वाचली, एकही न सोडता. मग खिडकीशी जाऊन फोन लावला. "पहिल्या तारखेचं रद्द करा... नाही, ती बरी आहे. पहिल्यापासूनच बरी होती." आत्या रडली नाही. तिने फक्त म्हटलं, "चार महिने, बाळा. चार महिने मी स्वतःलाच विचारत होते की मला खरंच भास होतात का."

मेकॅनिकने जोड कापून नीट बसवला. मला मात्र परत छपरावर चढवायला हवं, हे पत्रे अर्धा सिग्नल खातात, असंही सांगून गेला. "पुढच्या आठवड्यात चढवू," भाचा म्हणाला. या गोष्टीला तीन महिने झाले. मी अजून इथेच आहे, सुतळीत, पाळणा आणि डब्यांच्या मधे. माझी आठवण कोणाला येईल असं वाटत नाही, कारण चित्र आता तुटत नाही.

पण मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्याही घरात कोणीतरी सांगत असेल की दुपारी बिघडतं, तुम्ही नसताना बिघडतं. त्याला 'आत्ता तर चालतंय' म्हणू नका. एक दिवस दुपारीच घरी जा आणि त्याच्या शेजारी बसा.