दोन जवांची गाठ

वज्जान गावच्या विणकर आळीत लल्ला तामूच्या स्वप्नांना मोठा मान होता. कुणाची शेळी हरवली, कुणाच्या मुलाचं स्पेनला जायचं अडलं, कुणाला दुसरं लग्न करावंसं वाटलं, की बायका चार अंडी पदरात घेऊन तामूच्या दारात हजर. तामू दोन रकात नमाज पढायची, तसबीची माळ घेऊन डोळे मिटून बसायची, देवाकडे त्या बाईसाठी कौल मागायची आणि झोपी जायची. सकाळी सांगायची: पाणी नितळ दिसलं तर होय, गढूळ दिसलं तर नाही. काहीच दिसलं नाही, तर तसं सांगून अंडी परत करायची. हे शेवटचं लोक विसरत, पण तिच्या नावाला वजन होतं ते त्याच्यामुळेच.

या खेपेला कौल तिच्याच घरचा होता.

तिची एकुलती एक लेक हनिया, सव्वीस वर्षांची, हिला वरच्या आळीतल्या लल्ला बतूलच्या मुलानं मागणी घातली होती. अय्याद त्याचं नाव. मुलगा सरळ होता, अगादिरच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात पक्क्या नोकरीला होता, हनियालाही आवडला होता. खोट एकच, अगादिर. बसनं एक रात्र जायची आणि वर अर्धा दिवस. बतूल मंगळवारी साखरेची उभी ढेप निळ्या कागदात गुंडाळून ठेवून गेली होती. शुक्रवारी ती फोडून चहा केला की होकार, तशीच हातात परत दिली की नकार. तोंडानं काही बोलावं लागत नाही.

"यम्मा, तू कौल माग. तू म्हणशील तसं," हनिया म्हणाली होती.

तामू मागायला बसली खरी, पण बूड ठरेना. दुपारची नमाज झाली की ती भिंतीला पाठ लावून बसे, डोळे मिटे, मणी ओढू लागे. दहा मण्यांवर मन शहाण्यासारखं चाले, अकराव्याला उठून अगादिरला जाई. तिथं मासे सोडून दुसरं काही खायला मिळतं का? मिळेलही, पण इकडे विहिरीवरून पाणी कोण आणणार? गुडघ्यांना तेल कोण चोळणार? ती स्वतःला दटावून पुन्हा पहिल्या मण्यावर येई. प्रार्थनेची दोन अंगं होती: यात भलं असेल तर वाट सोपी कर, वाईट असेल तर हे आमच्यापासून दूर ने. पहिलं अंग ती भराभर उरकायची आणि दुसऱ्यावर आली की तिचा आवाज चढायचा. देवाला काय हे कळत नसेल?

बुधवारी रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी सकाळी हनियानं भाकरी आणि जैतुनाचं तेल पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "दिसलं काही?"

"गढूळ पाणी," तामू बोलून गेली. एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेना. "गुडघाभर. तू पलीकडच्या काठावर. तुझी एक चप्पल वाहून गेली."

त्यात चप्पल कशाला घुसडली कोण जाणे. हनियानं मान खाली घातली, भाकरीचा तुकडा मोडला.

"बरं," ती म्हणाली. "उद्या ढेप परत देऊ."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर तामूला बरं वाटलं असतं.

तामू पोटासाठी जवाच्या पिठाचा रव्यासारखा कुसकुस वळून, चाळून विकायची. त्या दिवशी ती सूप घेऊन जव निवडायला बसली आणि खड्यांबरोबर चांगले दाणेही फेकू लागली. लहानपणी मदरशातल्या म्हाताऱ्या बाई सांगायच्या ते तिच्या डोक्यातून जाईना: जो न पडलेलं स्वप्न सांगेल त्याला कयामतीच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांची गाठ मारायला बसवतील, आणि ती गाठ कधीच बसणार नाही. तेव्हा सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या होत्या. आता म्हातारी तामू दोन दाणे चिमटीत धरून एकमेकांवर घासत होती. दाणे निसटत होते. तिनं सूप बाजूला ढकललं आणि शाल घेऊन पीराच्या दर्ग्यावर, जावियात गेली.

जावियाच्या अंगणात पीरसाहेबांच्या कबरीची देखभाल करणारे सी अल्लाल उन्हात पाय पसरून बसले होते.

"सी अल्लाल, एका शेजारणीचं विचारायचं होतं."

"शेजारणीचं? विचार."

"तिनं लेकीसाठी कौल मागितला. स्वप्न काही पडलं नाही. तिनं पडलं म्हणून सांगितलं."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "शेजारणीला सांग, बाई, तुझं काम मागायचं होतं. उत्तर द्यायचं काम तुला कुणी दिलं?"

"पण काही दिसतच नाही तर तिनं करायचं काय?"

"दिसायलाच पाहिजे, हे तुम्ही बायकांनी काढलंय. मागावं आणि पाऊल टाकावं. वाट मोकळी होत गेली तर तोच कौल."

"आणि मोकळी नाही झाली तर?"

"तर शेजारणीनं बघावं, वाटेत आडवं कोण पडलंय."

तामूला राग आला. आभारही न मानता ती घरी आली. संध्याकाळी पुन्हा तसबी घेऊन बसली, उठली, पाणी प्याली, पुन्हा बसली. ढेप फळीवर तशीच उभी होती. तिच्याकडे पाठ करून बसली तरी ती दिसायची.

शुक्रवारी कुसकुसला वाफ येत होती आणि हनिया गाजरं चिरत होती. पाहुण्या यायला घटकाभर अवकाश होता.

"हनिया, ते स्वप्न पडलं नव्हतं मला."

"माहितेय."

"माहितेय? कसं?"

"तू रात्रभर कूस बदलत होतीस, यम्मा. मीही शेजारी जागीच होते. तू झोपलीच नाहीस तर स्वप्न पडणार कधी?"

तामू तिच्याकडे वळली. "मग 'बरं' का म्हणालीस, गाढवे?"

हनियाची सुरी थांबली. "तू आजवर कुणाला खोटं स्वप्न सांगितलं नाहीस. शेळीसाठीसुद्धा नाही. माझ्यासाठी सांगितलंस. म्हटलं, किती घाबरली असशील."

तामूला हुंदका फुटला, आणि नेमकी त्याच वेळी कडी वाजली.

लल्ला बतूल नणंदेला घेऊन आली होती. सगळ्या एका मोठ्या थाळ्याभोवती बसल्या. दोन घास पोटात जातात न जातात तोच बतूलनं विषय काढला, "लल्ला तामू, अख्खी आळी तुमच्या स्वप्नाचं काय झालं म्हणून विचारतेय. आम्हाला तरी सांगा."

नणंद तर घास हातात धरून पुढे वाकली होती. ती बोलकी होती. सूर्य मावळायच्या आत सगळ्या गावाला कळणार, हे तामूला ठाऊक होतं.

"काही दिसलं नाही," तामू म्हणाली. "झोपच लागली नाही. आणि लेकीला गढूळ पाणी दिसलं म्हणून सांगितलं, ते खोटं सांगितलं. ती जाऊ नये म्हणून."

बतूल हातातला घास ठेवून हनियाकडे बघू लागली.

"माझं सोडा. तिला विचारा," तामू म्हणाली. "तूही मागितलंच असशील ना गं?"

हनियाचे कान लाल झाले. "सात वेळा. स्वप्नबिप्न काही नाही. पण दर वेळी जानमाजच्या चटईवरून उठले की एकच मनात यायचं. यम्माची कुसकुसची चाळणी न्यावी, की तिकडे नवी घ्यावी."

बतूलची नणंद फस्सकन हसली, मग बतूल. तामू हसली नाही.

"चाळणी मिळायची नाही," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

तिनं फळीवरून ढेप काढली, निळा कागद सोडला आणि पितळी हातोडी घेतली. पहिला घाव निसटला. दुसऱ्याला साखरेचा मोठा खडा तुटून हनियाच्या पायाशी पडला. तामू तशीच ढेप पोटाशी धरून उभी राहिली, आणि आता डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"ने," ती म्हणाली. "तिकडच्या चाळण्यांची भोकं मोठी असतात. त्यातून जवाचा कुसकुस धड उतरायचा नाही."