ग्लासातली कवळी

दातांच्या डॉक्टरांनी अख्ख्या वस्तीचे दात उपटले होते, पण घरातला एक दात काही त्यांना दाद देत नव्हता. तो त्यांच्या लेकीचा, खारूताईचा होता. वरचा, अगदी पुढचा, आणि इतका हलणारा की ती बोलायला लागली की तिच्याआधी तोच बाहेर डोकवायचा. पण बाबा जवळ आले की ती ओठ घट्ट मिटायची. हे दवाखान्यातल्या पेशंटनाही ठाऊक झालं होतं आणि डॉक्टरांच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. पोटच्या पोरीचाच विश्वास नाही म्हणजे काय?

त्या सकाळी आजोबांची कवळी गायब झाली. मित्राच्या निरोप समारंभात त्यांना भाषण करायचं होतं आणि बोळक्या तोंडातून नुसता वारा बाहेर पडत होता. घर उलथंपालथं केल्यावर कवळी सापडली ती खारूताईच्या टेबलावर, कोल्ड्रिंकच्या ग्लासात.

"हा काय उद्योग?" डॉक्टरांनी विचारलं.

"तूच सगळ्यांना सांगतोस ना, कोल्ड्रिंकमध्ये दात ठेवला की एका रात्रीत विरघळतो." खारूताईने ग्लासात वाकून पाहिलं. "काहीच विरघळलं नाही. माझा प्रयोग बिघडला."

आजोबांनी कवळी उचलली, धुण्याइतकाही दम न धरता तोंडात बसवली आणि वरून जीभ फिरवली.

"गोड लागतेय," ते म्हणाले. "रोज यातच ठेवत जा."

"अगं, कवळी कशी विरघळेल?" डॉक्टर म्हणाले. "त्याला खरा दात लागतो."

"खरा विरघळताना तू बघितलायस?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. इतकी वर्षं पेशंटना बजावलं, दवाखान्यात त्याचं चित्रसुद्धा लावलं, पण करून कधी पाहिलं नव्हतं. त्यांनाही ते कुणीतरी सांगितलंच होतं.

"नाही गं," ते ओशाळून म्हणाले.

"मग आता एक खरा दात लागणार."

"माझ्याकडे बघू नका," आजोबा म्हणाले.

खारूताईने जिभेने आपला दात हळूच ढकलून पाहिला. डॉक्टर लगेच पुढे सरकले.

"अजिबात दुखणार नाही," ते सवयीने बोलून गेले.

"हे तरी करून बघितलंयस का?"

"तो कसला बघतोय?" आजोबा हसले. "याचा पहिला दात काढायला गेलो, तर हा कपाटात जाऊन बसला होता. शेवटी आपोआप पडला तो."

डॉक्टर खाली बसले, लेकीच्या डोळ्यांसमोर डोळे आणून. "दुखेल," ते म्हणाले. "थोडं. मग थांबेल."

खारूताईने त्यांना नीट निरखलं आणि आ केला.

दुसऱ्या दिवशी ग्लासातला दात होता तसाच होता, फक्त तपकिरी पडला होता. डॉक्टरांनी दवाखान्यातलं चित्र उतरवलं. खुर्चीत बसून कुणी "दुखणार नाही ना?" विचारलं, तर आता ते "थोडं दुखेल" म्हणतात. गंमत म्हणजे हल्ली लोक तोंड लवकर उघडतात.