माती फांदीकडे

"बाबा, धावा! करवतवाले आजच आलेत, दोन दिवस आधी!"

धोबीखान्याच्या दारातून सून ओरडली आणि माळीकाकांच्या हातची झारी कलंडता कलंडता राहिली.

इस्पितळाची नवी इमारत नेमकी डाळिंबाच्या जागी उभी राहणार होती. ते डाळिंब काकांच्या बायकोनं लावलेलं. इथे तीस वर्षं चादरी धुतल्या तिनं, आणि झाड वाढवलं ते चादरी खळबळून उरलेल्या पाण्यावर. आता ती नव्हती. तिच्या झाडाचं एक तरी रोप मिळावं, एवढाच काकांचा ध्यास.

आधी त्यांनी दाब कलम करून पाहिलं, म्हणजे फांदी वाकवून मातीत पुरायची. पण म्हाताऱ्या झाडाची फांदी ती, काडकन मोडली! काकांचं अन्नावरचं मन उडालं. तेव्हा सूनच म्हणाली, "तुम्हीच ना शिकवलंत, दाब आणि गुटी सख्ख्या बहिणी? मुळं फुटेस्तोवर दोन्हींत पोर आईच्याच अंगावर. फक्त दाबात फांदी मातीकडे जाते, गुटीत माती फांदीकडे येते."

"देवा रे! ज्याला वाकता येत नाही, त्याच्याकडे तू चालत येतोस. आणि मी खुळा तिलाच वाकवत बसलो!"

त्याच दिवशी काकांनी तीन फांद्यांची बोटभर साल काढून तिथे माती आणि ओलं शेवाळ घट्ट बांधलं होतं, वरून गोणपाट. त्याला आता दोन महिने होत आले होते.

"पाच मिनिटं द्या रे, बाबांनो!" काका शिडीवर चढले. सुनेनं शिडी धरली.

पहिली गुटी काळी, कुजलेली. दुसरी कोरडी ठणठणीत.

"काका, लॉटरी लागली की हाक मारा," एक करवतवाला हसला.

तिसरीची गाठ सुटेना. काकांनी ती दातांनी सोडली. शेवाळातून पांढरीशुभ्र मुळं डोकावत होती, चांगली बोटभर!

"फुटली! अगं, फुटली!"

"सासूबाई आल्या!" सून शिडी सोडून टाळ्या पिटू लागली.

"शिडी धर आधी! नाहीतर मीच जायचो तिच्याकडे!"

करवतवालाही खदखदून हसला. काकांनी मुळांच्या खाली फांदी कापली, रोप कुंडीत बसवलं आणि कुंडी सुनेच्या कुशीत दिली.

मग झारी उचलून ते जुन्या झाडाच्या बुंध्याशी गेले.

"काका, आता याला कशाला पाणी?" करवतवाल्यानं हळूच विचारलं.

काका बुंध्याभोवती पाणी घालत राहिले. झारी रिकामी होईपर्यंत करवतवाला थांबला.