बोटावरची चव

मित्रांनो, मी अंगातली साखर मोजणारा एक जुना सेन्सर आहे. हसू नका! आमचं आयुष्यच दोन आठवड्यांचं, त्यामुळे मी म्हाताराच झालो म्हणा ना. केक करणाऱ्या एका मावशीच्या दंडावर मी बटणासारखा चिकटून राहिलो. माझा केसाएवढा तंतू तिच्या कातडीखाली असे. तिथलं जग उबदार, अर्धवट झोपेतलं. अंगातली साखर वाढली की संथ, गोड लाट यायची आणि तिची रेघ मी मावशीच्या फोनवर उमटवायचो.

मावशीला अजून मधुमेह नव्हता. "पण उंबरठ्यावर आहात," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मावशीच्या आईची दृष्टी या साखरेनेच गेली होती. आपलेही डोळे गेले तर क्रीमचे गुलाब कोण काढणार? त्या भीतीची धडधड मला दंडात ऐकू यायची.

तिने चहातली साखर बंद केली, न्याहारीचा दुसरा पाव सोडला. तरी रोज सकाळी कामाच्या वेळी रेघ चढायचीच. "मेलं हे यंत्रच खोटारडं!" मावशी कडाडली. मला फार वाईट वाटलं हो!

"अगं, सारखी बोट चाटतेस, त्याचं काय?" मावशीचे यजमान, म्हणजे काका, हळूच म्हणाले.

"अहो, ती चव बघते. खाते कुठे?"

काकांनी तिच्यापुढे एक रिकामी वाटी ठेवली. "आज चव मी बघतो. तू बोटावर घेशील ते या वाटीत पुस." मावशी फणकारली, पण तिने ऐकलं. दुपारपर्यंत वाटी काठोकाठ भरली. मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं बाई! एवढं?"

मग चव एकदाच, तीही चमच्याच्या टोकावर. जेवण झालं की दोघं गल्लीच्या टोकापर्यंत फिरून यायची. रेघ निवांत झाली आणि मीही डुलक्या काढू लागलो.

आज माझी मुदत संपली. मावशीने मला अलगद सोलून ओट्यावर ठेवलं. "उगाच खोटारडं म्हटलं रे तुला," म्हणाली. गुलाब काढताना तिच्या बोटाला क्रीम लागलं. बोट ओठांपर्यंत गेलं. आता चुगली करायला मी दंडावर नव्हतो. मावशी थांबली, स्वतःशीच हसली आणि तिने बोट फडक्याला पुसलं.

मित्रांनो, माझं काय, मी कचऱ्यात जाईन. पण तुमच्या घरात कोणी असं बोट पुसत असेल, तर "एकच घे ना" म्हणून गोड पुढे करू नका. जेवण झालं की त्यांचा हात धरा आणि फिरायला घेऊन जा.