साठ पावलांवरचा ट्रक

मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि माझ्यावर बसलेला एक माणूस मेला आहे. मित्रांनो, ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगून टाकते. लोक ती वेगळ्या तऱ्हेने सांगतात. ते म्हणतात, गाडी अपशकुनी होती.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा एका तपासनिसाने मला फिरत्या रुळांवर उभी केली आणि माझे दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबून पाहिले. मागचा दाबला तेव्हा मी रेंगाळत थांबले. पुढचा दाबला तेव्हा मी जागच्या जागी बसले. माझं थांबण्याचं बळ बहुतेक सगळं पुढच्या चाकात आहे, हे मला त्या दिवशी समजलं. तपासनिसाने कागदावर बरोबरची खूण केली आणि मला पुढे ढकललं.

मला घरी आणलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको नर्स होती, घरोघरी जाऊन आजारी माणसांच्या जखमा बांधायची. घरात तिसरे त्याचे वडील. त्यांनी उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. सगळी गल्ली त्यांच्या शब्दाला मान देई, कारण ते कमी बोलत आणि मोजून बोलत.

वडिलांनीच मुलाला गाडी शिकवली. गल्लीच्या टोकाला मोकळी जागा होती, तिथे एका दुपारी. क्लच कसा सोडायचा, गिअर कसा टाकायचा, सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग पुढच्या ब्रेकच्या दांडीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हिला हात लावायचा नाही. तोंडावर आपटशील. थांबायचं ते पायाने."

"बरं, बाबा," तो म्हणाला.

एवढंच. तासाभरात शिकवणी संपली. त्या तासावर तो पुढे अकरा वर्षं गाडी चालवत होता.

मित्रांनो, तो बेफिकीर माणूस नव्हता. लिफ्टच्या ब्रेकची तीन वेळा परीक्षा घेतल्याशिवाय तो कुणाला आत पाऊल ठेवू देत नसे. खांद्याला दोर बांधल्याशिवाय तो विहिरीसारख्या त्या खोल जागेत कधी उतरला नाही. हेल्मेट घातल्याशिवाय तो माझ्यावर बसत नसे. दर रविवारी मला पुसायचा, साखळीला तेल द्यायचा. शेजारी म्हणत, "काय हात बसलाय याचा गाडीवर! अकरा वर्षांत एक ओरखडा नाही." हे ऐकून तो नुसता हसायचा.

पण गॅरेजवाल्याला एक गोष्ट दिसत होती. माझे मागचे ब्रेक त्याने तीनदा बदलले. पुढचे मात्र एकदाही नाहीत. "पुढचे तर नवे कोरे आहेत," तो म्हणाला. लिफ्टवाल्याला ते कौतुक वाटलं. मला वाटलं, आता तरी हा गॅरेजवाला पुढचं बोलेल. तो हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळला.

आणि दिवस भरत चालले होते. एकदा ओल्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. त्याने पायाने करकचून ब्रेक दाबला, माझं मागचं चाक अडकलं आणि मी माशाच्या शेपटीसारखी डावी-उजवी हलले. कुत्रं पळालं म्हणून आम्ही वाचलो. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "थोडक्यात निभावलं. पण सावरली मी गाडी." त्याने सावरली नव्हती. पुढे एकदा रिक्षा, एकदा शाळेची बस. प्रत्येक वेळी समोरचं संकट आपणहून बाजूला झालं, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं की आपल्याला जमतं. सुटकेचा प्रत्येक प्रसंग त्याने कौशल्यात जमा केला. माझ्या लेखी तो इशारा होता.

तो दिवस कोरडा आणि स्वच्छ होता. सकाळचे दहा वाजले होते. उतारावरचं वळण संपलं आणि समोर विटांचा ट्रक दिसला, अर्धा रस्त्यात आडवा, बंद पडलेला. आमचा वेग साठ होता. ट्रक साठेक पावलांवर होता. साठ पावलं म्हणजे पुष्कळ झाली, मित्रांनो. तेवढ्या अंतरात मी थांबू शकते. ट्रकच्या डाव्या बाजूला दोन दारांएवढी मोकळी जागाही होती.

त्याने पायाने ब्रेक दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून. मागचं चाक अडकलं आणि फरफटू लागलं. पुढच्या ब्रेकच्या दांडीवर त्याचं एक बोटही आलं नाही. हातांची मूठ आवळली गेली होती. डोळे ट्रकच्या फळीवर खिळले होते, आणि डोळे जिकडे जातात तिकडेच मी जाते. डाव्या मुठीवर पुढच्या दिशेने एक हलका दाब मिळाला असता तर मी डावीकडच्या त्या जागेतून निघून गेले असते. मी वाट पाहत होते. तो दाब आला नाही. मी आडवी झाले आणि घसरत गेले. तो माझ्या पुढे घसरत गेला.

हेल्मेट डोक्यावर होतं. पट्टाही लावलेला होता.

मला टेम्पोत घालून घरी आणलं. आरसा फुटला होता, हँडल वाकलं होतं, बाकी फारसं काही झालं नव्हतं, आणि तेच लोकांना खुपलं. "माणूस गेला नि ही मात्र धडधाकट," शेजारीण म्हणाली. घरामागे पाण्याच्या टाकीजवळ मला ताडपत्रीखाली ढकललं. वर्षभर मी तिथे होते. सीटखाली उंदरांनी संसार थाटला. वडील रोज सकाळी टाकीवर तोंड धुवायला येत, पण ताडपत्रीकडे बघत नसत. "भंगारात घाल ती," ते सुनेला म्हणत. ती मला भंगारात घालायची नाही.

ती ज्यांच्या जखमा बांधायला जाई, त्यांत एक म्हातारी होती. तिचा मुलगा बंद पडलेल्या गोदामामागच्या लांबलचक डांबरी आवारात लोकांना मोटारसायकल चालवायला शिकवत असे. चालवता येणाऱ्यांनाही पुन्हा शिकवत असे, म्हणून लोक त्याला हसत. आवारभर केशरी शंकू मांडायचा, म्हणून त्याचं नाव शंकू मास्तर पडलं होतं. सुनेने त्याला एक दिवस घरी आणलं आणि ताडपत्री उचलली.

मास्तर उकिडवे बसले. माझ्या मागच्या टायरवरून त्यांनी बोट फिरवलं, मग पुढच्या ब्रेकमध्ये डोकावून पाहिलं.

"सिस्टर, खरं सांगू की बरं सांगू?"

"बरं सांगणारे वर्षभर येऊन गेले," ती म्हणाली.

"हा टायर बघा. एवढाच भाग घासून सपाट झालाय. म्हणजे चाक फिरत नव्हतं, फरफटत होतं. आणि पुढचा ब्रेक त्यांनी लावलाच नाही. त्या दिवशी नाही, आणि बहुधा कधीच नाही."

"लावला असता तर?"

मास्तरांनी ताडपत्रीची कड हातात धरली. "तर मी आज इथे नसतो आलो."

मागच्या दारात वडील उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात तिने माझी दुरुस्ती करवून घेतली, नवे टायर घातले आणि मला आवारात नेलं. सासऱ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिला थोडीफार गाडी येत होती, पण मास्तरांनी पहिला अख्खा दिवस इंजिन सुरूच करू दिलं नाही. नुसती ढकलायची, वळवायची, आडवी करून उचलायची. दुसऱ्या दिवशी चालीच्या वेगाने शंकूंमधून. ती शंकूकडे बघायची आणि नेमकी शंकूवर जायची.

"शंकू आहे हे कळलं ना? मग त्याचा नाद सोडा. मोकळ्या जागेकडे बघा. नजर जाईल तिकडे गाडी जाते."

ती एकदम थांबली. पाय टेकून समोरच्या शंकूकडे बघत राहिली. ती काय बघत होती ते मला माहीत होतं.

मग ब्रेक. पुढच्या दांडीवर बोटं ठेवली की ती लगेच काढून घ्यायची. "इंजेक्शन देताना दट्ट्या कसा दाबता?" मास्तर म्हणाले. "आधी अलगद, मग एकसारखा वाढवत. झटका दिलात तर चाक अडकेल. तसाच दाबा." मग डावी मूठ पुढे ढकलून डावीकडे झुकणं, उजवी ढकलून उजवीकडे. तिला ते उलटं वाटलं. ती दोनदा पडली, कोपर सोलवटलं. घरी जाऊन स्वतःची जखम स्वतःच बांधली.

सहाव्या आठवड्यात ती म्हणाली, "साठ पावलांवर शंकू लावा. आडवे, ट्रकसारखे. मी त्या वळणावर जाऊन मोजून आलेय. वेगही साठच ठेवायचा."

"अजून नको, सिस्टर."

"मास्तर, मला बघायचंय."

त्या सकाळी फाटकापाशी वडील येऊन उभे होते. तिला घरी न्यायला आले असावेत. मास्तरांनी रेघ आखली आणि हातात रुमाल धरला. आम्ही साठच्या वेगाने रेघेवर आलो, रुमाल खाली पडला, आणि तिची बोटं पुढच्या दांडीवर मिटली, आधी अलगद, मग घट्ट. माझं नाक खाली बसलं, पुढचा टायर डांबराला चिकटला, आणि मी थांबले. बारा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी पूर्ण थांबवलं होतं.

शंकू अजून पुढे होते.

वडील फाटकातून आत आले. माझ्या पुढच्या चाकापासून शंकूंपर्यंत ते हळूहळू चालत गेले. त्यांचे ओठ हलत होते. दहा पावलं भरली. ते तिथेच खाली बसले.

"एवढी जागा उरली असती?" त्यांनी विचारलं.

ती हेल्मेट काढून त्यांच्याजवळ बसली. "बाबा, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक असल्यासारखं सांगितलं मी."

मास्तर शंकू गोळा करू लागले.

पुढची आठ वर्षं मी तिच्याबरोबर आजाऱ्यांच्या घरी गेले. एका दुपारी गल्लीतून पाण्याचा टँकर न बघता मागे आला. तिने ब्रेक दाबला, सोडला, डावी मूठ ढकलली, आणि आम्ही भिंत आणि टँकर यांच्यामधून बाहेर पडलो. गर्दी जमली नाही. टँकरवाल्याला कळलंही नाही. ती रुग्णाकडे पाच मिनिटं उशिरा पोचली आणि हात धुऊन कामाला लागली. जे घडत नाही त्याची बातमी होत नाही, मित्रांनो. तिने मात्र दर वर्षी दोन दिवस आवारात येऊन पुन्हा शिकायचं कधी चुकवलं नाही. शिकलेला हातही गंजतो, असं ती म्हणे.

आता माझं इंजिन थकलं आहे. तिने दुसरी गाडी घेतली आणि मला मास्तरांना देऊन टाकलं. मी आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. नव्या शिकाऊंना माझ्यावरच ढकलायला आणि उचलायला शिकवतात. दर रविवारी वडील काठी टेकत येतात, शंकू मांडतात, आणि नवी तुकडी जमली की पुढे येऊन एकच गोष्ट सांगतात: आपण आपल्या मुलाला काय शिकवलं, आणि त्याचं काय झालं. आवाज चढवत नाहीत. पोरं आधी चुळबुळतात, मग एकेक जण माझ्या पुढच्या दांडीवर बोटं ठेवून बघतो.

माझ्या शेडमागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे रस्त्याचं वळण. मला दिसत काही नाही, पण ऐकू येतं. कोण शिकलेला आणि कोण नाही, हे मी ब्रेकच्या आवाजावरून सांगू शकते. त्यात एक गाडी रोज साडेआठला येते. वळणावर तिचं मागचं चाक किंचाळतं, क्षणभर फरफटतं, आणि मग आवाज पुढे निघून जातो. चालवणाऱ्याला वाटत असेल, जमलं. त्याची गाडी चकाचक असेल, साखळीला तेल असेल, घरी कुणीतरी त्याला "जपून जा" म्हणत असेल. जपून कसं जायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मित्रांनो, गाडीला तुम्ही जपता तसं तिच्यावर बसणाऱ्या हातांना आणि डोळ्यांनाही जपा. मला ते किंचाळणं ओळखीचं आहे. रोज साडेआठला मी कान देऊन असते, आवाज पुढे जातो की नाही ते ऐकायला. आजही गेला. आवाराचं फाटक सकाळी सातलाच उघडतं, आणि त्याच्या वाटेवरच आहे.