गप्प बसणाऱ्यांची चावी

घड्याळबाईंना कुणी अबोल म्हणालं, तर तो माणूस त्यांच्या घरी कधी फिरकलेला नाही असं खुशाल समजावं. घरात तोंडाचा पट्टा अखंड चालू. पण कॉम्प्युटरपुढे बसल्या की मिठाची गुळणी. तिथे त्या एक ओपन सोर्स प्रोग्रॅम सांभाळायच्या. बाकीच्या प्रोग्रॅमना वेळ सांगणारा, कुणीही फुकट वापरावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी, असा. सुचवलेली दुरुस्ती आत घ्यायची की नाही हे ठरवणारे ते मेंटेनर, आणि चावी त्यांच्याकडे. बाईंकडे ती अगदी पहिल्यापासून होती. चूक सापडली की निस्तरायची आणि पुढच्या कामाला लागायचं. भाषण नाही की काही नाही.

मग प्रकल्पाला कारभाराची उबळ आली. मंडळ नेमलं गेलं. प्रमुख झाले मुद्देसाहेब. दर वाक्याआधी "एक मुद्दा मांडतो" म्हणायचे, म्हणून हे नाव पडलेलं. या गृहस्थांनी प्रोग्रॅममध्ये आजवर एक स्वल्पविराम बदलला होता, आणि तोही दुसऱ्याला पूर्ववत करावा लागला होता. पण चर्चेच्या पानावर काय लिहायचे, अबब! मंडळाने नियम केला, की जो मेंटेनर चर्चेत भाग घेत नाही तो निष्क्रिय. त्याची चावी काढून घ्यावी आणि त्याला 'सन्माननीय' करावं. मोजणी बॉटवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या एका प्रोग्रॅमवर, सोपवली. बॉट बिचारा बोललेलं मोजायचा. केलेलं मोजायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

एके सकाळी बाईंना संदेश आला: अभिनंदन, आपण सन्माननीय झालात! "गेलं उडत," म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायला घेतले.

तेवढ्यात थोरल्या बहिणीचा फोन. ताई परदेशात नर्स होती, हिवाळ्यात घड्याळं तासभर मागे आणि उन्हाळ्यात पुढे करतात अशा देशात.

"अगं, या रविवारी घड्याळं तासभर मागे जायचीत ना? तोच तास पुन्हा येणार, म्हणून आमच्या वॉर्डात औषधाची घंटा दोनदा वाजेल म्हणतात. तुझाच ना गं तो प्रोग्रॅम?"

"माझाच."

"मग कर की नीट! एखादीने घंटा ऐकून दुसऱ्यांदा इंजेक्शन टोचलं म्हणजे?"

बाईंनी कपडे तसेच टाकले. जेवायच्या आत त्यांनी दुरुस्ती लिहिली. आत घ्यायला गेल्या तर चावी चालेना. उलट बॉटनेच स्वागत केलं, 'पहिल्यांदाच आलात, आनंद वाटला! मार्गदर्शिका वाचलीत का?' मार्गदर्शिका बाईंनीच लिहिली होती.

मुद्देसाहेबांनी लिहिलं, "एक मुद्दा मांडतो. घाईत सर्वांचा आवाज ऐकला जात नाही. पुढच्या बैठकीत घेऊ." बैठक रविवारनंतर होती.

मग मात्र बाईंचं टाळकं सटकलं. घरचं तोंड त्यांनी तिथे उघडलं. मुद्देसाहेबांच्या एकेका मुद्द्याची सालं काढली, मंडळाची अब्रू वेशीवर टांगली. कुणीतरी "भाषा सांभाळा" म्हणालं, तर त्याचीही बिनपाण्याने केली. बाकीचे उत्तरं देत राहिले आणि बाई प्रत्युत्तरं. शनिवारी बॉटने हिशेब मांडला. चर्चेत सर्वांत सक्रिय सदस्य, घड्याळबाई. चावी परत! मुद्देसाहेब "एक मुद्दा" म्हणेपर्यंत दुरुस्ती आत गेलीसुद्धा. रविवारी वॉर्डात घंटा एकदाच वाजली.

चावी टिकवायची तर बोलत राहायला हवं, एवढं बाईंना कळून चुकलं. मग त्या बोलत राहिल्या. बैठका, ठराव, ठरावांवर उपसूचना. पुढच्या निवडणुकीत मुद्देसाहेबांना चीत करून त्याच प्रमुख झाल्या. तो खुळचट नियम बदलायचा हे त्यांच्या मनात होतंच. त्यासाठी समिती नेमायची होती, आणि समितीत कुणाला घ्यावं यावर चर्चा रंगली होती.

घड्याळं पुढे न्यायची वेळ आली, तसा ताईचा पुन्हा फोन.

"अगं, आता तो तास गायबच होणार. त्या तासाची घंटा वाजणारच नाही म्हणतात. कुणीतरी दुरुस्ती पाठवलीये, तुमच्याकडे पडून आहे. घे ना आत."

बाईंनी पाहिलं. खरंच होती. नेमकी, स्वच्छ, आणि पाठवणाऱ्याने सोबत एक अवाक्षर लिहिलेलं नव्हतं.

"कोण हा? चर्चेत कधी दिसला नाही."

"दुरुस्ती बरोबर आहे का ते सांग."

"बरोबर असेल गं. पण ताई, एक मुद्दा मांडते..."

ताईने पुढचं ऐकलं नाही. घड्याळं पुढे जायची त्या रात्रीची ड्यूटी तिने स्वतःकडे मागून घेतली.