आक्का गेली

रवळूने लक्ष्मीच्या जत्रेचं आवतण धाडलं, त्यात शामूचं नाव होतं, शामूच्या बायकोचं होतं, पोरांचीही होती. शामूच्या आईचं, अक्काताईचं, तेवढं नव्हतं.

"गोठ्यातल्या म्हशीचं नाव कसं राह्यलं रं?" तिने निरोप्या मष्णूला विचारलं. तो बिचारा अर्धा चहा टाकून उठला.

रवळू तिचा पाठचा भाऊ. त्याची पोर तिने शामूला करून घेतली नाही, तेव्हापासून त्याने बहिणीशी अबोला धरला होता. भाचा चालत होता, बहीण नाही. आणि माहेरची लक्ष्मी तर बारा वर्षांनी एकदा जत्रेला बसायची. अक्काताईने साठी ओलांडली होती. पुढच्या खेपेला आपण असू, याची हमी कोण देणार?

"आवतण न्हाय आन् कशी येतीस आक्का?" शामू म्हणाला. घरात लेकरंही तिला आक्काच म्हणत.

"लक्ष्मी काय त्याच्या एकट्याच्या बापाची हाय? त्यो बाप माझाबी व्हता. काढ सायकल!"

शामूची बायको-पोरं बसने खानापूरला वळसा घालून गेली. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ही दोघं डोंगरावरून निघाली. कॅरेजला गोणपाट बांधलेलं, त्यावर अक्काताई एका अंगाने बसलेली, मांडीवर नव्या लुगड्याचं गाठोडं. चढ फार नव्हता, पण लांबच लांब होता. डोंगराच्या पाठीवरून तांबडी वाट झाडीतून वळत जायची. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या. मुळांवरून चाक उडालं, की अक्काताईच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"हाडं मोजून घेतली व्हतीस का माझी? आता पुन्यांदा मोज!"

"तू गप बस गं, तोल जातोय!"

"बाप तुझा हितनंच लाकडाची मोळी न्यायचा सायकलीवर. मोळी बोलत न्हवती म्हनून बरं चालायची!"

उतार लागला तशी वाळक्या पानांवरून चाकं सरकू लागली. अक्काताई उडी मारूनच उतरली. लहानपणी ज्या पायवाटेने ती करवंदं आणायला यायची, ती तिथूनच खाली जात होती.

"मी जाते फुडं. तू ये वळसा घालून."

आणि ती गेली. पण ओढ्यापाशी थांबली. तोंड धुतलं, झाडाआड नवं लुगडं नेसली. बिनआवतणाचं जायचं, तर भिकारणीसारखं नाही जायचं.

तिकडे शामू शेवटच्या वळणावर सायकलीसकट आपटला. गुडघा फुटला, सदरा लाल मातीने माखला. मामाच्या दारात पोचला तेव्हा त्याला धाप आवरत नव्हती. आक्का आधीच पोचली असणार, असं धरून त्याने अंगणात नजर फिरवली. ती नव्हती.

"आक्का कुठाय?" रवळूच्या तोंडून इतक्या वर्षांनी ते नाव निघालं.

"आक्का... गेली..." शामूला 'फुडं' म्हणायला श्वास पुरला नाही.

रवळूने त्याच्या गुडघ्यावरचं रक्त पाहिलं आणि मटकन खाली बसला. त्याची बायको अंबुबाई हिने चुलीवरचं पुरण उतरवून गळा काढला. शेजारणी धावल्या. शामू "आवं, तसं न्हवं" म्हणत राहिला, पण त्या आकांतात त्याचं ऐकतो कोण!

अक्काताई अंगणात शिरली ती स्वतःच्याच नावाने चाललेल्या रडारडीत.

"माझी सोन्यासारखी नणंद गं!" अंबुबाई ऊर बडवत होती.

"सोन्याची कवा झाले गं मी?" अक्काताईने विचारलं.

अंबुबाईचा हात छातीवरच थांबला. रवळूने मान वर केली. पांढऱ्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. तो भुईला हात टेकून उठला. "आक्का," एवढंच म्हणाला.

अक्काताई त्याच्यासमोर उभी राहिली. नव्या लुगड्याचा पदर तिने खांद्यावर नीट घेतला.

"माझं रडनं आज रडून झालं तुझं, रवळू. खरी मरंन तवा यिऊ नगंस. यायचं आसंल तर जित्ती हाय तवर येत जा."